ओल्या रानाची जमीन: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

शहरापासून दोन-अडीच तासांवर दहा-वीस एकरांचे रान घ्यावे, त्यात एक छोटे घर बांधावे, सुट्टीत मुलांना घेऊन तिथे राहावे, अशी इच्छा ऑन्टारियोत स्थिरावलेल्या कितीतरी मराठी घरांत बोलून दाखवली जाते. शोध सुरू झाला की एक प्रकारची जमीन हमखास समोर येते. किंमत आसपासच्या शेतजमिनीपेक्षा कमी, झाडी दाट, शेजार लांब आणि पायाखाली काळीभोर माती. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसाचा हात त्या मातीकडे आपोआप जातो. काळी जमीन म्हणजे कसदार, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते.

ही काळी माती मात्र वेगळी आहे. आपली काळी बेसाल्ट झिजून झालेली, खनिजांची आणि चिकणकणांची. इथली काळी म्हणजे पानापाल्याचा आणि लाकडाचा पाण्याखाली, हवेविना, हजारो वर्षे कुजत राहिलेला थर. शेतकीच्या भाषेत तिला मक म्हणतात. सुकी असताना ती चहाच्या भुकटीइतकी हलकी लागते, ओली असताना तिच्यात बूट रुततो. घराचे किंवा गाडीचे वजन तर ती पेलूच शकत नाही.

ऑटवा आणि सेंट लॉरेन्स नदी यांच्या मधल्या सपाटीवर, स्मिथ्स फॉल्सच्या आसपास, या जमिनीची रचना अगदी स्पष्ट दिसते. तळाशी सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेला चुनखडक आणि त्याचा भाऊबंद डोलोमाइट. हिमयुग सरताना, साधारण १३,००० ते १०,००० वर्षांपूर्वी, अटलांटिकचे पाणी या खोऱ्यात शिरले होते. त्या चॅम्प्लेन समुद्राने खडकाच्या खोलगट भागांत निळसर करड्या चिकणमातीचा थर सोडला. त्या थरातून पाणी मुरेना, म्हणून वर डबकी साचली, डबक्यांत रान वाढले आणि रानाचा पाला साचून मक तयार झाला. नदीपलीकडे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकालाही हाच क्रम दिसतो, त्यामुळे सिरॅक्यूज किंवा ऑल्बनीकडून तिकडे जमीन शोधणाऱ्यांनाही पुढचे बहुतेक सगळे लागू पडते. कायदे तेवढे वेगळे.

या तीन थरांत माणसाचे लक्ष वरच्या काळ्या मातीकडे जाते, नाहीतर खालच्या खडकाकडे. माझ्या मते सगळा निकाल मधली चिकणमाती लावते. ती किती जाड आहे, कुठे संपते आणि आपण तिला कुठे भोक पाडणार आहोत, एवढे कळले तर या जमिनीवर पैसे बुडत नाहीत. चिकणमाती जाड आहे तिथे पाणी वर अडते आणि रान ओले राहते. ती विरळ होते तिथे वरचे पाणी चुनखडकाच्या भेगांत थेट उतरते, आणि त्याच भेगांतून तुमच्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी येते.

जमीन कधी पाहावी

जमीन एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला पाहावी. बर्फ नुकताच वितळलेला असतो, झाडांना पाने नसतात, त्यामुळे ती पाणी ओढत नाहीत आणि भूजल वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला आलेले असते. ऑगस्टमध्ये हेच रान कोरडे, चालण्याजोगे आणि मोहक दिसते, आणि रविवारी सहकुटुंब जमीन पाहायला जाण्याचा हंगामही नेमका तोच. ऑगस्टमध्ये पसंत पडलेल्या जमिनीचा व्यवहार वसंतातल्या पाहणीची अट घालूनच करावा. वकिलाला तसे सांगता येते. विकणारा त्या अटीला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.

ऑगस्टमध्येच पाहणे भाग असेल तर खुणा वाचाव्या लागतात. झाडांच्या बुंध्यांवर पाण्याची रेघ आणि तिच्याखाली शेवाळ नसलेला पट्टा. पाने करडी पडून एकमेकांना चिकटलेली, त्यांवर गाळाचा पापुद्रा. उंचवटे आणि खड्डे यांची दाट सरमिसळ, झाडे फक्त उंचवट्यांवर. उन्मळलेल्या झाडाचा मुळांचा गठ्ठा ताटासारखा सपाट, कारण पाण्यात बुडालेल्या थरात मुळांना श्वास घेता येत नाही आणि ती आडवी पसरतात. सिल्व्हर मेपल, ब्लॅक अ‍ॅश आणि टॅमरॅक ही ओल्याची झाडे. पांढऱ्या सिडरवर मात्र विसंबू नये. हे झाड चुनखडीच्या ओल्या मकवरही वाढते आणि चुनखडकाच्या कोरड्या, उघड्या कड्यावरही. नायगारा कड्याच्या कपारीत हजार वर्षांहून जुने सिडर सापडले आहेत, तिथे माती जवळपास नाहीच. एखाद्या रानात नुसता सिडर दिसला तर एवढेच कळते की चुना जवळ आहे. ओल आहे की नाही, ते पायाखाली पाहावे.

डोळा तयार करायचा तर ऑटवाच्या दक्षिणेला मार्लबरो फॉरेस्ट आहे. हे रान शहराच्या मालकीचे, लोकांना खुले. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून वसंतात तिथे एक दिवस हिंडावे. खडक उघडा पडलेला कोरडा माळ आणि सिडरचे ओले रान यांत किती कमी चढ-उतार असतो ते तिथे दिसते. एक-दोन हातांच्या उंचीने सगळे पालटते.

खड्डा घ्या, हाताने माती ओळखा

मालकाची परवानगी घेऊन हाताने फिरवायचा माती-गिरमिट, म्हणजे ऑगर, घेऊन जावे. निदान चार फूट खोल जाणारा हवा. उंच भागाकडून सखल भागाकडे एक सरळ रेघ कल्पावी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने भोके घ्यावीत. निघालेली माती ताडपत्रीवर क्रमाने मांडत जावी.

वरची काळी माती मुठीत घेऊन दाबा. बोटांमधून गढूळ पाणी निघाले आणि मुठीत तंतूंचा बोळा उरला, तर ते अजून अर्धवट कुजलेले पीट आहे. काळा लगदाच बोटांमधून बाहेर आला आणि मुठीत जवळजवळ काही उरले नाही, तर तो मक. लेन्नार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने गेल्या शतकात या मूठ दाबण्याच्या परीक्षेची एक ते दहा अशी श्रेणी ठरवली, आणि आजही प्रत्यक्ष जागेवर तीच वापरतात. नाकाचाही उपयोग करा. नासक्या अंड्याचा वास आला तर तो थर वर्षातला बराच काळ हवेविना असतो.

मग गिरमिटाची चाल बदलते. हात जड होतो, पात्याला करडी, निळसर चिकणमाती लोण्यासारखी चिकटून येते. तिच्यात जुन्या मुळांच्या वाटांभोवती गंजाच्या रंगाचे ठिपके आणि धागे दिसतील. मातीतले लोह हवा मिळाली की तांबूस होते, हवा बंद झाली की विरघळून निघून जाते आणि माती करडी पडते. म्हणजे ठिपके सुरू होतात तिथपर्यंत पाणी वर-खाली होते आणि सलग करडा रंग लागतो त्याखाली ते कायमचे असते. बोलका पुरावा आहे हा. भर ऑगस्टात, भोकात थेंबभर पाणी नसतानाही तो वसंतातली पाण्याची पातळी सांगतो. ठिपके जमिनीपासून किती खोलीवर सुरू झाले ते मोजून लिहून ठेवा.

प्रत्येक थरावर थोडे व्हिनेगर टाका. फसफसले तर चुना आहे. न फसफसल्याने चुना नाही असे ठरत नाही, कारण डोलोमाइट व्हिनेगरला फारशी दाद देत नाही. शेवटी गिरमिट खरखरले आणि थांबले की खडक लागला असे वाटते, पण तो हिमनदीने आणून टाकलेला सुटा धोंडाही असू शकतो. हातभर अंतरावर आणखी दोन भोके घ्या. तिन्ही एकाच खोलीवर अडली तर खडक समजा.

मोजणी झाली की भोके बुजवा, आणि माती निघाली त्याच क्रमाने परत घाला. चिकणमाती खाली ठासून, काळी वर. मधल्या थरात उघडे भोक सोडू नये.

न्यूयॉर्कच्या बाजूला असाल तर सरकारी वेब सॉइल सर्व्हेवर आपल्या तुकड्याच्या मातीचे नाव घरबसल्या मिळते. विलेट मक असे दिसले तर खाली चिकणमाती, एडवर्ड्स मक दिसले तर खाली मार्ल, म्हणजे चुन्याचा मऊ गाळ. ऑन्टारियोसाठी कृषी खात्याचा अ‍ॅगमॅप्स नकाशा आहे. नकाशा दिशा दाखवतो, पण तुमच्या दहा एकरांत चिकणमाती कुठे विरळ झाली आहे ते गिरमिटाशिवाय कळत नाही.

घर, विहीर, सांडपाणी

मकवर घर बांधू नये. मक उपसून मुरूम भरण्याचा सल्ला देणारे भेटतात, पण खर्च अफाट होतो आणि परवानगीही सहसा मिळत नाही. तुकड्यातला उंच, खनिज मातीचा भाग शोधा आणि घर, विहीर, सांडपाण्याची व्यवस्था, गाडीची जागा हे सगळे तिथेच बसते का ते कागदावर मांडून पाहा. बसत नसेल तर ती जमीन घरासाठी नाही. रान म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या.

उंच भागात खाली समुद्री चिकणमाती असेल तर भू-तांत्रिक अभियंत्याची तपासणी टाळू नका. स्थानिक लोक हिला लेडा क्ले म्हणतात. ती डिवचली गेली की घट्टपणा सोडून पातळ होते, विशेषतः नदी-ओढ्यांच्या काठांवर. ऑटवाच्या पूर्वेला लेमियू नावाचे गाव याच भीतीने आधीच हलवले होते, आणि २० जून १९९३ रोजी तिथली जमीन खरोखरच साउथ नेशन नदीत घसरली. हीच माती सुकली की आकसते. पायाच्या अगदी जवळ भरपूर पाणी पिणारे मोठे झाड असेल तर कोरड्या उन्हाळ्यात भिंतींना तडे जातात.

सांडपाण्याचा प्रश्न सर्वांत कठीण, आणि लोक तो सर्वांत शेवटी विचारतात. ऑन्टारियोच्या बिल्डिंग कोडनुसार सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषचराच्या तळाखाली निदान ९०० मिलिमीटरपर्यंत खडक, पाणी न मुरणारी माती किंवा भूजलाची सर्वोच्च पातळी लागता कामा नये. ओल्या रानात हे नैसर्गिकरीत्या जवळजवळ कधीच जमत नाही. मग बाहेरून वाळू आणून उंच गादीवर शोषक्षेत्र बांधावे लागते. ते चांगले चालते, पण त्याचा खर्च जमिनीच्या किमतीत आधीच धरायला हवा. जमिनीचा व्यवहार पक्का करण्यापूर्वी परवानाधारक आराखडाकाराकडून लेखी अंदाज घ्या.

हे नियम जाचक वाटतात त्यांनी वॉकर्टन आठवावे. मे २००० मध्ये ऑन्टारियोतल्या या गावी जोराचा पाऊस झाला, शेणखतातले जंतू उथळ मातीतून चुनखडकाच्या भेगांत आणि तिथून गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीनची देखरेख ढिसाळ होती. सात माणसे मेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. वाळूतून झिरपणारे पाणी वाटेत गाळले जाते, भेगांतून धावणारे गाळले जात नाही. वरचा चिकणमातीचा थर शाबूत असणे हेच चुनखडकातल्या विहिरीचे खरे संरक्षण.

म्हणून विहीर परवानाधारक माणसाकडूनच खोदवून घ्यावी, केसिंग निदान ६ मीटर खोल आणि बाहेरची पोकळी पूर्ण बंद केलेली असावी, आणि झाकण पुराच्या पाण्यात बुडणार नाही इतके उंच असावे. रानात जुनी, सोडून दिलेली विहीर सापडली तर ती रीतसर बुजवून घेणे हे पहिले काम. पाण्याची जंतुतपासणी वर्षातून एकदा पुरत नाही. बर्फ वितळल्यावर आणि मोठ्या पावसानंतर नमुना द्यावा. ऑन्टारियोत खाजगी विहिरींची ही तपासणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत मोफत होते.

तळे खोदण्याचा मोह अनेकांना होतो. आधी चिकणमातीची जाडी मोजा. तळ खडकापर्यंत गेला तर कधी तळ्यातले पाणी भेगांत गडप होते, कधी खालचे दाबाखालचे पाणी वर येऊन थांबत नाही. दोन्हींत विहिरींचे नुकसान होते.

चर काढून निचरा करू नका

चिबड जमिनीत चर काढावेत हे आपल्याकडचे शहाणपण. उसाच्या शेतात ते बरोबरच आहे. इथे मात्र पाणी उतरले की मकला हवा लागते आणि तो कुजून, हवेत विरून खचत जातो. टोरंटोच्या उत्तरेला हॉलंड मार्श १९२० च्या दशकात असेच कोरडे करून भाजीची शेती उभी राहिली. ती अजून उत्तम पिकते, पण माती वर्षागणिक पातळ होते आहे. चुनखडकावरच्या मकचे काय होते ते फ्लोरिडातल्या बेल ग्लेडला दिसते. तिथे १९२४ मध्ये नऊ फुटी काँक्रीटचा खांब खडकापर्यंत, माथा जमिनीच्या पातळीला येईल असा रोवला होता. आज तो निम्म्याहून अधिक उघडा पडला आहे.

कायद्याचाही अडसर आहे, आणि तो असावाच असे मला वाटते. ऑन्टारियोत पाणथळ जागेत आणि तिच्या भोवतीच्या ३० मीटरांत भराव घालणे, चर काढणे, बांधकाम करणे यांसाठी स्थानिक कन्झर्व्हेशन अथॉरिटीचे परमिट लागते. जमीन घेण्यापूर्वी त्या कार्यालयाला भूखंडाचा क्रमांक देऊन पाणथळीची हद्द विचारावी. तुमच्या आधीच्या मालकाने विनापरवाना टाकलेला भरावही तुमच्या गळ्यात पडू शकतो.

वाटा आणि यंत्रे

ट्रॅक्टर किंवा ट्रक मकवर फक्त गोठलेल्या जमिनीवर न्यावा, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. बर्फाची जाड दुलई असेल तर खालची जमीन गोठतच नाही. जुने लाकूडतोडे आधी हलक्या वाहनाने बर्फ दाबून वाट बनवतात, काही रात्री कडक थंडी आत उतरू देतात आणि मगच वजन नेतात. हिवाळे आता भरवशाचे राहिले नाहीत, त्यामुळे यंदा जमले नाही तर काम पुढच्या वर्षावर टाकावे. एकदा पडलेली खोल चाकोरी बुजत नाही. तीच पाण्याची नवी वाट होते.

कायमच्या रस्त्याचे नुकसान याहून मोठे. या रानात पाणी ओढ्यासारखे न वाहता चादरीसारखे सगळीकडून हळूहळू सरकते. मधून भरावाचा रस्ता गेला की तो बांध होतो, वरच्या अंगाची झाडे दोन-तीन वर्षांत बुडून मरतात. रस्ता लागतोच असेल तर परमिट घेऊन, भू-वस्त्र अंथरून आणि जवळजवळ मोऱ्या ठेवूनच करावा. पायवाटेसाठी सिडरच्या फळ्यांचा पूल सर्वांत चांगला, त्याचे लाकूड मुळातच सहजी कुजत नाही.

झाडे

या रानातले आजचे मोठे संकट म्हणजे एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा भुंगेरा. २००२ मध्ये तो डेट्रॉइट आणि विंडसर इथे पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून अ‍ॅशची झाडे मारत पुढे सरकतो आहे. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोके दिसली तर तो पोहोचला समजा. ब्लॅक अ‍ॅश दिवसाला भरपूर पाणी ओढतो. तो मेला की पाण्याची पातळी चढते, रोपांना जागा राहत नाही आणि रानाची लव्हाळ्याची दलदल होते. म्हणून अ‍ॅश जिवंत असतानाच त्याच्या सावलीत पुढची पिढी लावावी. सगळे अ‍ॅश एकदम तोडून विकण्याचा सल्ला ऐकू नये. ऑन्टारियोत ही जात आता संकटग्रस्त यादीत आहे, आणि ऑटवाच्या आग्नेयेला अक्वेसास्नेच्या मोहॉक लोकांची टोपल्यांची कला या झाडाच्या लाकडावर उभी आहे. तुमच्याकडे निरोगी राहिलेला ब्लॅक अ‍ॅश असेल तर त्याला हात लावू नका, संशोधकांना कळवा.

लावायला सिल्व्हर मेपल, स्वॅम्प व्हाइट ओक, रोग सोसणारा अमेरिकन एल्म, सावलीत पांढरा सिडर आणि उघड्यावर टॅमरॅक. कडेच्या जरा उंच भागात बर ओक, चिकणमाती आणि चुना दोन्ही त्याला मानवतात. पिन ओक लावू नये, चुन्याच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. साखरेचा मेपल आणि काळा अक्रोड पाण्यात टिकत नाहीत. ब्लूबेरीचा विचार असेल तर सोडून द्या. तिला आम्ल पीट लागते, चुनखडकावरचा मक दिसायला तसाच असला तरी आम्ल नसतो.

रोपे मे अखेरीस, पाणी उतरल्यावर, फक्त उंचवट्यांवर लावा. शरदात लावलेली छोटी रोपे हिवाळ्यात गोठून फुगणारी जमीन बाहेर फेकते. पडलेले सिडरचे ओंडके उचलू नका, नवे सिडर त्यांच्यावरच रुजतात. हरणांना हिवाळ्यात सिडरची पाने फार आवडतात, त्यामुळे प्रत्येक सिडरभोवती निदान पाच फूट उंच जाळी हवीच, नाहीतर लावण्याचे कष्ट करू नयेत. मोठे मोकळे पट्टे तोडू नका. २१ मे २०२२ रोजी ऑन्टारियोत आलेल्या वादळासारखा वारा आला तर उथळ मुळांची झाडे एकामागून एक आडवी होतात.

कामाला जाताना विजार मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड पाहा, पूर्व ऑन्टारियोत लाइम रोग आहे. पॉयझन आयव्हीची तीन पाने बहुतेकांना माहीत असतात. त्याहून जहाल पॉयझन सुमॅक अशाच चुनखडीच्या दलदलीत वाढतो. एका देठावर सात ते तेरा गुळगुळीत कडांच्या पर्णिका आणि पांढरट फळांचे घोस ही त्याची ओळख. त्याचे लाकूड शेकोटीत टाकू नका, धूरही बाधतो.

जमीन नावावर झाल्यावर दोन अर्ज करून पाहावेत. रान चार हेक्टर किंवा अधिक असेल आणि दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घेतला, तर मॅनेज्ड फॉरेस्ट योजनेत त्या भागावर निवासी दराच्या २५ टक्केच मालमत्ता कर लागतो. पाणथळ भाग प्रांताने महत्त्वाचा ठरवलेला असेल, तर संवर्धन जमिनींच्या योजनेत त्या भागावरचा कर पूर्ण माफ होऊ शकतो. त्यासाठी तो भाग आहे तसा राखावा लागतो.